ढेमसं तुमच्याकडे, कारलं माझ्याकडे

येलदरी कॉलनी
ज्येष्ठ वद्य एकादशी, शनिवार

विहीणबाई,

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. एकमेकींना फोन करायचा नाही, असं आपण दोघींनी निकिताच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय आणि मी शब्द मोडणारी बाई नाही. पण पत्र लिहू नये असं काही ठरलं नव्हतं. शिवाय पत्राचं एक बरं असतं, वाईट शब्द आला तर खोडता येतो. खाली जिथं जिथं काट मारलेली दिसेल, तिथं मी तुमचा मान राखलाय असं समजा.

डोहाळेजेवणाच्या दिवशीचं मी उकरून काढत नाही. मुलीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या आईनं पाळली, मी पाळते. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं केलात, मी हात लावला नाही. (इथं तांब्याबद्दल एक वाक्य होतं, ते खोडलं.) तुमच्या चुलीवर काय काय शिजतं कुणास ठाऊक, हे माझ्या तोंडून निघायला नको होतं. पण चार बायकांत "आमच्या घरचं पानी बाटलंय का" हे तुम्हीही म्हणायला नको होतं. फिटंफाट.

लिहायचं कारण वेगळं आहे. बेडकं.

त्या दिवशी मी एवढ्या उन्हाची एसटीनं पेडगावला आले. हिरवी साडी, हिरवा चुडा, पाच प्रकारचे लाडू, सगळं माझ्या हातात. निकिता दोन महिन्यांनी दिसणार होती. ती जावईबापूंच्या गाडीतून उतरली, माझ्याकडं बघून हसली आणि माझ्या बाजूनं सरळ तुमच्या ओसरीत गेली. तिथं काचेच्या दोन पेट्या. एकीत ते गोल गरगरीत ढेमसं, दुसरीत ते हिरवं खरबरीत कारलं. त्यांच्यापुढं एवढं पोट घेऊन ती खाली बसली आणि म्हणाली, "काय रे ढेमशा, आज्जीनं काय खाऊ घातलं तुला?"

आज्जी म्हणजे तुम्ही. मी तिथंच उभी होते, लाडवांचा डबा धरून.

बेडकं परदेशी जातीची का असेनात, पुण्याच्या दुकानातली का असेनात, माझ्या लेकीची आहेत. उलट्या सुरू झाल्या, रातकिड्यांचा वास तिला सोसेना, तेव्हा तिनं ती पुण्याहून गावाकडं पाठवली. कुठं? पेडगावला. मला विचारलंही नाही. मी छेडलं तर म्हणाली, "मम्मी, तुझ्या गळ्यात माळ. ही जिवंत किडे खातात. तुझ्याच्यानं होणार न्हाई."

ती मला मम्मी म्हणते. लहानपणी कॉलनीतल्या सगळ्याच लेकरांनी मम्मी म्हणायचं खूळ घेतलं होतं, मलाही तेव्हा बरं वाटलं. त्यामुळं आई हा शब्द तिच्याजवळ कोराच राहिला. लग्न झालं आणि तो तुम्हाला मिळाला.

आता म्हणते, बाळंतपण पेडगावला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिचं म्हणणं, पेडगावहून परभणीचा दवाखाना जवळ, येलदरीहून आधी जिंतूर गाठा, मग परभणी, वाटेत काही झालं तर? ठीक. पण शेवटी हसून म्हणाली, "आन माझी बेडकं पण तिथंच हैत की." माणूस खरं कारण हसण्यावारीच सांगतो.

तर एवढंच मागणं, की बेडकं इकडं पाठवून द्या. जिथं बेडकं तिथं ती, हे मी ओळखलंय. माझ्याच्यानं होतं की नाही ते मी बघते.

रुख्मिणी


येलदरी कॉलनी
आषाढ शुद्ध पंचमी, सोमवार

विहीणबाई,

मी बेडकं मागितली होती, तुम्ही बेडूक पाठवलात. चिठ्ठीत लिहिलंत, "एक तुमाला, एक मला, भांडन नको." वाटणी छान केलीत. ढेमसं ठेवून घेतलंत आणि कारलं पाठवलंत. निकिताचं जास्त लाडकं कुठलं, ते मला कळत नाही असं समजू नका.

आमच्या यांना मी सांगितलं होतं की पॉवर हाऊसच्या कामाला परभणीला जाताच आहात, तर येताना पेडगावहून पेटी घेऊन या. पेटी मांडीवर धरून हे जिंतूरच्या गाडीत बसले. वरून माझा टॉवेल झाकलेला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्याच्यात?" हे म्हणाले, "कारलं." कंडक्टर म्हणाला, "एवढं मांडीवर घेऊन? सोन्याचं हाय का?" तेवढ्यात आतून डराँव झालं. अर्धी गाडी उठून बघायला आली म्हणे. घरी येऊन हे पोट धरून हसले आणि मला ती फजिती तीनदा सांगितली. माझ्या कुठल्या वस्तूची यांनी कधी इतकी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही जे जे सांगून पाठवलंत ते यांनी तोंडपाठ करून आणलं. बेडकाच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. किड्याला आधी कॅल्शियमची पूड फासायची, भज्याला पीठ लावतो तशी. नळाचं पाणी तसंच घालायचं नाही, रात्रभर उघडं ठेवून निवळू द्यायचं. रोज खायला द्यायचं नाही, दोन दिवसाआड. आणि दोन बेडूक कधी एका पेटीत ठेवायचे नाहीत, मोठा लहानाला गिळतो. हे शेवटचं सांगताना यांनी माझ्याकडं बघून उगीचच मिशीला हात लावला.

रातकिड्यांचा माठही पोचला. त्यात किड्यांना दडायला अंड्यांचे ट्रे घालून पाठवलेत! मी ते चिमट्यानं उचलून गच्चीवर टाकले आणि साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे घडी करून आत ठेवले. रातकिड्यांना काही फरक पडलेला दिसत नाही.

फरक मला पडलाय. संध्याकाळी देवापुढं हरिपाठ म्हणायला बसले की माठातले सगळे एकदम सुरू होतात. मी थांबले की थांबतात. परवा हे म्हणाले, "तुझे टाळकरी आले." अशा जिवांना उचलून बेडकापुढं टाकायचं कसं, ते मला सांगा. तुम्हाला सोपं असेल.

कारल्यानं इथं आल्यापासून काही खाल्लेलं नाही. पण ते प्रवासानं असेल.

रुख्मिणी

ता. क. माठासाठी गाजरं आणावी लागतात. ती रोजच्या वहीत कुठल्या खात्यावर टाकावीत कळेना. शेवटी निकिताच्या बाळंतपणाच्या खात्यावर टाकली. त्या खात्यावर अजून दुसरं काही नाही.


येलदरी कॉलनी
गुरुपौर्णिमा, गुरुवार

विहीणबाई,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. "खातंय का न्हाई?" असं विचारलंत. खातंय. इतकंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला त्याची किंमत कळणार नाही.

आधी मी पनीर दिलं. मग भिजवलेली सोयाबीनची वडी. तिच्याकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. आमचे हे म्हणाले, हललं पाहिजे, न हलणारं त्याला दिसतच नाही. म्हणून वडीला दोरा बांधून नाचवली. त्यानं झडप घातली, तोंडात घेतली आणि पुढच्या दोन्ही हातांनी बाहेर ढकलून दिली, अगदी निकिता लहानपणी दुधी भोपळा ढकलायची तशी. मला रडू आलं आणि हसूही.

मग ठरवायला बसले, कुठला जीव द्यावा. रातकिडे भजनाला साथ करतात, ते नाहीत. गांडूळ शेताची मशागत करतं, ते कसं द्यावं? झुरळांना मी हो म्हटलं असतं, पण झुरळ आणायचं कुठून? माझ्या घरात नाहीत. तुमच्याकडं मिळतील, असं हे म्हणाले. मी नाही म्हणाले.

इकडं निकिताचा रोज व्हिडिओ कॉल. आधी पेडगावला लावते, मग मला, हे तिच्याच बोलण्यातून कळतं. "ढेमशानं आज काय झडप घातली मम्मी, आईंनी दाखवलं मला. कारलं खातंय का?" मी म्हणायची, पेंगलंय. पेटीकडं कॅमेराच फिरवायची नाही. एक दिवस तिनं विचारलं, "वजन केलंस का? ढेमशाचं वाढलं म्हणे." मी स्वयंपाकाच्या काट्यावर कारल्याला ठेवलं. आकडा तुम्हाला सांगत नाही.

त्या दिवशी देवापुढं खूप वेळ बसले. उठले आणि गोबी चिरायला घेतली. दांड्याच्या बेचक्यात एक हिरवी अळी. विहीणबाई, इतकी वर्षं ती अळी मी सुरीच्या टोकानं काढून मोरीत टाकत आले आणि हात धुऊन पुढं चिरत आले. तेव्हा मला कधी माळ आठवली नाही. म्हणजे ही अळी माझ्या हातून जायचीच होती. शेतकऱ्याचं पीक खाणारी, कष्टाची चोरी करणारी. हिला देण्यात कसलं पाप?

काडीनं हलवून पुढं केली. कारल्यानं एका घासात घेतली आणि डोळे मिटले. बेडूक गिळताना डोळे आत ओढतो, तसं. मला वाटलं, समाधानानं.

आता बाजारात गेले की किडकी गोबी निवडून घेते. भाजीवाली म्हणते, "बाई, सगळी दुनिया चांगली बगती, तुमी किडकी काऊन बगायलाय?" पैसेही ती निम्मेच घेते. अळ्याही गरीब असतात, जागच्या हलत नाहीत, पळापळ नाही. तुमच्या रातकिड्यांसारखं घरभर शोधत फिरायला लागत नाही.

परवा निकिताच्या समोर भरवलं. कॅमेरा स्टीलच्या डब्याला टेकवून. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "मम्मी, तू? खरंच तू?" मग जरा वेळानं म्हणाली, "मग मी तिकडंच येऊ का गं? बाळंतपणाला?"

हे तुम्हाला सांगायचं होतं. ढेमसं ठेवा तुमच्याकडं.

रुख्मिणी

ता. क. रातकिड्यांना पिल्लं झाली. माठ अपुरा पडायलाय.


येलदरी कॉलनी
आषाढ वद्य एकादशी, सोमवार

विहीणबाई,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. यांच्याबरोबर पॉवर हाऊसमध्ये असणारे धम्मानंद भाऊ आज परभणीला निघालेत, त्यांच्या हाती देते. ते वाट वाकडी करून पेडगावला तुमच्या हातात देतील. घाई काही नाही. ते जातच होते म्हणून.

कारलं बरं आहे. थोडं शांत आहे.

सहज एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका बाईकडं बेडूक आहे. तो परवापासून मागचे पाय लांब सोडून पडलाय, आत घेत नाही. मधूनच अंगाला कापरं भरतं. तोंड उघडतो आणि मिटतो, आवाज येत नाही. उचललं तर ओल्या फडक्यासारखा लोंबतो. ती बाई फार घाबरली आहे. तिनं देवापुढं दिवा लावून ठेवलाय, पण बेडकाचा डॉक्टर जिंतुरातही नाही म्हणे. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर तिथले म्हणाले, म्हैस असती तर बघितलं असतं.

अशा वेळी काय करतात, तुम्हाला माहीत असेल तर धम्मानंद भाऊंजवळच सांगा. ते यांना फोन करतील. आपला फोन बंद आहे तो बंदच आहे.

निकिताला यातलं काही सांगू नका. म्हणजे, त्या बाईचं.

रुख्मिणी


येलदरी कॉलनी
दीप अमावस्या, गुरुवार

विहीणबाई,

तुम्ही काल गेलात. घरात आज दिव्यांची पूजा केली, आणि आता लिहायला बसले. जे घडलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पण मला काय वाटत होतं ते तुम्हाला दिसलं नसेल, कारण मी ते दिसू दिलं नाही.

मला वाटलं होतं निरोप येईल. तुम्ही स्वतः याल असं वाटलं नव्हतं. मंगळवारी सकाळच्या गाडीनं तुम्ही दारात उभ्या, पदर खोचलेला, दोन्ही हातांत पाण्याच्या दोन कॅन. चपला काढायच्या आधी विचारलंत, "कुठंय ती वळखीची बाई?"

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार.

तुम्ही हात ओले केलेत, कारल्याला तळव्यावर घेतलंत, पेटीचा वास घेतलात. "काय घालायलाय याला?" मी म्हणाले, गोबीतली अळी. तुम्ही विचारलंत, "पळत व्हती का?" मी म्हणाले, नाही हो, गरीब होती.

"गरीब न्हवती विहीनबाई. मरायला टेकली व्हती. फवारलेली गोबी ती."

मी मोरीपाशी जाऊन बसले. ज्या सुस्तीला मी गरिबी समजले, ते विष होतं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होते.

तुम्ही ओरडला नाहीत. परातीत कॅनमधलं पाणी ओतलंत, कारल्याला पोटापर्यंत बुडेल असं धरलंत, थोड्या वेळानं ते पाणी टाकलंत, दुसरं घेतलंत. मी नळाची बादली पुढं केली तर म्हणालात, नको, कॉलनीच्या पाण्याला पावडरीचा वास हाय, आत्ता त्याला निव्वळ पाणी पाहिजे, म्हणून विहिरीचं आणलंय. आणि मग माझ्याकडं न बघता, "आमच्या विहिरीचं हाय. चालंल ना तुमच्या घरात?"

तुमच्या ओसरीत ज्या पाण्याला मी बोट लावलं नाही, ते तुम्ही दोन गाड्या बदलून माझ्या परातीत ओतत होतात. टोमणा तुमचा हक्काचाच होता. एकच मारलात.

दुपारी मी ताट केलं. भाकरी, पिठलं, ठेचा. तुम्ही जेवलात आणि म्हणालात, "मला तुमच्याकडं जेवायची बंदी न्हाई, मग तुमचे पन दोन घास खाते." आमचे हे ठसका लागेपर्यंत हसले. मग तुम्ही माठाचं झाकण उघडलंत. गाजरं खाऊन लठ्ठ झालेले रातकिडे, पिल्लांवर पिल्लं. तुम्ही डोक्याला हात लावलात. "अवो, तुमी तर बेडकाचं जेवनच पाळलं की."

तेव्हा मी माझी बाजू सांगितली. माळ, पाप, अळी कशी निवडली, सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग बोललात ते माझ्या कानातून जाईना. "पोट त्याचं, आन निवड तुमच्या मनाच्या सोयीची. तुमचं पाप टळलं, पन त्याला काय लागतंय ते कुनी बगायचं?"

त्या रात्री तुम्ही परातीपाशी अंथरूण टाकलंत. मी आत पडले, पण झोप लागली नाही. आणि खरं सांगू, कारल्याच्या काळजीनंच नाही. माझ्या घरात, माझ्या परातीत, माझ्या लेकीचा जीव तुम्ही वाचवत होतात आणि मी तुम्हाला टॉवेल आणून देत होते. तुम्ही वाईट असतात तर माझं किती सोपं झालं असतं. कजाग सासूच्या तावडीतून लेक सोडवायची, हे जगातल्या कुठल्याही आईला जमतं. तुमच्यासारखीशी भांडायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नाही.

सकाळी कारल्यानं एक पाय आत घेतला. मग दुसरा.

तुम्ही म्हणालात, अजून पंधरवडा तरी जपावं लागेल, पाणी सारखं बदलावं लागेल. "इथं ठेवायचं तर ठेवा, मी गाडीवाल्याजवळ पानी देत जाईन." मी गुरुपौर्णिमेला काय लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. कारलं इथं तर निकिता इथं. तरी तुम्ही ठेवा म्हणालात. जाताना हेही म्हणालात की निकिताला मी काही सांगायची न्हाई.

गाडी निघायला लागली तेव्हा पेटी मी तुमच्या मांडीवर ठेवली. टॉवेलही माझाच राहू दिला. गाडी गेल्यावर हे म्हणाले, "चल घरी." घरी आले तर माठात भजन चाललेलं.

तो माठ तेवढा न्यायचा राहिला.

रुख्मिणी


येलदरी कॉलनी
नागपंचमी, मंगळवार

विहीणबाई,

आज सुरी-विळी बंद, तवा बंद. उकडीची दिंडं केली, नैवेद्य दाखवला आणि हात रिकामे झाले, म्हणून हे.

काल निकिताचा फोन आला. कारल्यानं तुमच्याकडं रातकिडा खाल्ला, तो व्हिडिओ तिनं मला पाठवला. मी तो बऱ्याच वेळा पाहिला. तुमच्या हाताची बांगडी दिसते त्यात.

पण फोन त्यासाठी नव्हता. पोरगी तुमच्यावर चिडली होती. तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, "मला करमेना म्हनून मीच कारलं मागून आनलं." ती म्हणाली, "मम्मी, तू एवढं जिवापाड केलंस, माळ घालून अळ्या भरवल्यास, आन आईंनी ते काढून घेतलं? हे मला पटलं न्हाई. मी येलदरीलाच येते. माझं बाळंतपण तूच करायचं."

विहीणबाई, हे वाक्य ऐकण्यासाठी मी काय काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या हातात आलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. खोटं तुम्ही बोलला होतात, मी नाही. मला पापही लागलं नसतं.

मी थोडा वेळ गप्प बसलेही. तुमच्यावर ती चिडली आहे हे ऐकायला गोड लागत होतं, ते खोटं कशाला सांगू. तुमच्याबद्दल अजून काही बोलते का म्हणून मी फोन कानाला दाबून धरला होता.

मग ती म्हणाली, "आता पाय लय सुजायलेत गं." आणि मला घाट, खड्डे, जिंतूरचा स्टँड, रात्रीची गाडी न मिळणं, सगळं दिसायला लागलं. पोट तिचं होतं.

मी तिला खरं सांगितलं. गोबीचं, फवाऱ्याचं, ओळखीच्या बाईचं, दोन कॅनचं. दोन कॅनचं तिनं परत सांगायला लावलं. मग रडली. मग हसली. मी म्हणाले, पेडगावलाच जा, दवाखाना जवळ आहे. ती म्हणाली, "आन तू?"

त्याचं उत्तर तुमच्याकडं मागायचं आहे, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं असं. ती येईल त्या दिवशी मी पेडगावला येते आणि बाळंतपण होईपर्यंत राहते. शिधा माझा मी आणीन, स्टोव्हही आणीन. ओसरीच्या कोपऱ्यात तीन हात जागा द्या. पाणी गावाच्या हापशावरून आणीन, तो कुणा व्याह्याचा नाही. रीत मोडणार नाही आणि तुमच्या घरात उपाशीही राहणार नाही. लोक हसतील. व्याह्याच्या ओसरीत चूल मांडून बसली म्हणतील. म्हणू द्या.

माझ्या काही अटी आहेत. बाळाची पहिली अंघोळ मी घालणार. डिंकाचे लाडू माझे. रात्री बाळ रडलं तर आधी मी उठणार, तुम्ही दुसऱ्यांदा. पेट्या ओसरीत असतील तर कारल्याची पेटी माझ्या बाजूला.

रातकिड्यांचा माठ घेऊन येते. पहिल्या दिवशी पहिला रातकिडा कारल्यापुढं मीच सोडीन, माझ्या हातानं. पूड फासून, दोन डोळ्यांतलं अंतर बघून. माळ काढणार नाही. देवाला सांगून ठेवलंय की ज्याला जे लागतं ते देणार आहे, हिशेब माझ्या नावावर लिही.

अजून एक. कळा सुरू झाल्या की पोरगी "आई गं" म्हणून ओरडणार. सगळ्याच ओरडतात, मीही ओरडले होते. तेव्हा दारात तुम्ही एकदम पुढं होऊ नका. मीही होणार नाही. जरा थांबून ऐकू, कुणाला बोलावतेय ते. आणि कळलं नाही, तर दोघी जाऊ.

बाळ रडलं की माझी रीत संपली. मग मला हापशावर पाठवू नका. तुमच्या विहिरीचं पाणी तुमच्या हातानं द्या, मी उभ्यानं पिणार आहे.

तांब्या तेवढा घासून ठेवा.

तुमची
रुख्मिणी